मिरजेतले रोजे

शारजाला माझी लेक राहते. २०२३ मध्ये मी तिच्याकडे होते तेव्हा पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी तिथं पहिला रोजा लागला आणि एका रात्रीत अख्ख्या देशाचं घड्याळ बदललं. खासगी कंपन्यांतसुद्धा रोजच्या कामाचे दोन तास कायद्यानंच कमी होतात. दुपारी रस्ते ओस आणि मध्यरात्री बाजार फुललेला. सूर्य मावळला की दुबईत पोलीस तोफ डागतात, तो आवाज टीव्हीवरून घरोघरी पोचतो. सुपरमार्केटात खजुरांच्या खोक्यांना लागून विमटो नावाच्या जांभळ्या सरबताच्या बाटल्यांचे ढीग. पाहुण्यानं कसं वागायचं तेही ठरलेलं: दिवसा उघड्यावर खायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. पूर्वी दिवसा चालू असणाऱ्या हॉटेलांना पडदे लावावे लागत, दुबईनं ती सक्ती २०२१ मध्ये काढून टाकली.

लेकीच्या घराजवळच्या मशिदीच्या पटांगणात संध्याकाळी लांबच लांब प्लॅस्टिक अंथरलं जाई. बांधकामावरची माणसं रांगेनं येऊन बसत. प्रत्येकापुढं खजूर, पाण्याची बाटली, ताक आणि बिर्याणीचा डबा. त्या रांगेतून उठून आलेला आटपाडीकडचा एक तरुण भेटला. सेंटरिंगचं काम करणारा, जातीनं धनगर. मी मराठीत बोलले तशी त्याची कळी खुलली. "इथं कोण काय विचारत न्हाई काकू. बसायचं, खायाचं आणि देवाचं नाव घिऊन उठायचं," म्हणाला. घरापासून इतक्या लांब त्या पोराला रोज संध्याकाळी कुणीतरी वाढत होतं, याचं मला फार बरं वाटलं.

माझं माहेर सांगली आणि सासर सातारा. विलिंग्डन कॉलेजात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण लग्न करून मिरजेला गेली, ती आजतागायत तिथंच आहे. शारजाच्या गप्पा तिनं फोनवर सगळ्या ऐकून घेतल्या. २०२५ चा रमजान लागला तेव्हा तिनंच फोन केला. "तिकडचा बघून आलीस, आता आमचा बघ. शेवटच्या आठवड्यात ये आणि चांद बघूनच जा." पाडव्याला सांगलीत भावाकडे जायचं होतंच. चार दिवस आधी निघाले.

साताऱ्याहून मिरज रेल्वेनं तीनेक तासांवर. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, मग टाकारी, किर्लोस्करवाडी. मार्चअखेरीचं ऊन खिडकीच्या गजांना हात लावू देत नव्हतं. ऊस तुटून गेलेल्या रानांत पाचट पसरलेलं होतं, कुठं खोडव्याला पाणी सोडलेलं. पलूसच्या बाजूला द्राक्षबागा लागल्या. कराडला दोन पोरं चढून माझ्यासमोर बसली, एकाच आयटीआयमधली. त्यांतला एक अनवाणी होता. संभाजी महाराजांच्या स्मरणार्थ फाल्गुनात बलिदान मास पाळायची पद्धत सांगलीकडून सगळीकडे पसरली आहे. कुणी महिनाभर चप्पल घालत नाही, कुणी गोड सोडतं, कुणी चहा. याचं तिन्ही बंद होतं. दुसऱ्याचा रोजा होता. उसाचा रस घेऊन पोरगा आला, डब्यात फिरून पुढं गेला. या दोघांनी मान वर केली नाही, मोबाइलवर कसलंतरी इलेक्ट्रिकचं ड्रॉइंग बघण्यात ते गर्क होते. धर्मावरून गावोगाव घसा ताणून बोलणारे पुष्कळ आहेत. मला मात्र वाटलं, महिनाभर काहीतरी सोडून राहणं काय असतं हे या दोघांना एकमेकांबद्दल जेवढं कळत असेल तेवढं दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

फाल्गुन आणि रमजान असे जवळजवळ हातात हात घालून यायला एक कारण आहे. दोन्हीकडचे महिने चंद्राचेच. आपण अमावास्या संपली की महिना धरतो, ते कोर डोळ्यांना दिसली की धरतात, म्हणून एक-दोन दिवसांचं अंतर पडतं. पण आपण सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून सणांना ऋतूच्या दावणीला बांधून ठेवतो. मुसलमानी वर्षात अधिक महिना नाही. त्यामुळं रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कधी तो आषाढीच्या पावसात सापडतो, कधी दिवाळीच्या थंडीत.

२००९ मध्ये तो गणेशोत्सवात आला होता. त्या सप्टेंबरात मिरजेत उत्सवातल्या एका कमानीवरून वाद पेटला, दंगल झाली आणि ती सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पोचली. ते दिवस रोज्यांचे होते. मिरजेतल्या रमजानबद्दल लिहायचं आणि हे वगळायचं, असं करणं मला पटणार नाही. त्याच जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत १९८० पासून गावचा गणपती मशिदीत बसतो, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी कृष्णेच्या याच खोऱ्यात घडलेल्या आहेत.

मिरजेला उतरले तेव्हा इफ्तारला तासभर अवकाश होता. लक्ष्मी मार्केटच्या आसपास पाय ठेवायला जागा नव्हती. कलिंगडाच्या फोडी बर्फाच्या लादीवर मांडलेल्या, पपया, खरबुजं, केळ्यांचे घड. कढईतून भजी निघत होती आणि घाण्याबरोबर संपत होती. तळणारा आणि घेणारे बहुतेक सगळेच रोज्याचे, तरी कुणाचा आवाज चढलेला नव्हता. खजुराच्या गाड्यावर मी बराच वेळ उभी राहिले. साध्या पिवळट इराकी खजुराची पोती एका बाजूला, पलीकडे इराणच्या किमियाचे काळे ओलसर डबे, आणि वर काचेखाली मदिनेचा अजवा, मोजून घ्यायचा. ज्याला जे परवडेल ते तो नेतो आणि रोजा सगळ्यांचा एकाच वेळी सुटतो. गाडेवाल्यानं मला एक किमिया चाखायला दिला. "ताई, तुम्हाला चालतंय की, खावा," म्हणाला. त्याच्या स्वतःच्या ओठांवर पापुद्रे धरले होते. मी तो खजूर रुमालात बांधून घेतला.

मैत्रिणीचं घर ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या बाजूच्या गल्लीत. दारातच तिच्या सासूबाई भेटल्या. त्यांना सगळी गल्ली अम्मी म्हणते, मीही म्हणते. घरात त्या दखनी बोलतात, माझ्याशी मराठी, आणि माया दाटून आली की दोन्हीची सरमिसळ. "आव बेटी, उन्हातनं आलीस, पाणी पी आधी." मी नको म्हणाले, इफ्तारबरोबरच घेईन म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. तांब्या-भांडं पुढं केलं आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. सकाळी सव्वापाचपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या त्र्याहत्तर वर्षांच्या बाईनं मला पाणी पाजलं. शारजात मी महिनाभर लोकांसमोर पाणी न पिण्याची खबरदारी घेतली होती. इथं माझी तहान ही त्यांची जबाबदारी झाली होती.

स्वयंपाकघरात मैत्रीण आणि तिची सून. मी कांदे चिरायला बसले. तिथं एक गोष्ट मी जवळून पाहिली. सून हरभऱ्याची उसळ करत होती. मीठ घालायची वेळ आली तशी तिनं मुठीत मीठ घेतलं, तळहातावर पसरलं, बोटानं थोडं बाजूला सारलं आणि उरलेलं पातेल्यात सोडलं. ढवळलं. मग वाफेवर तोंड नेऊन वास घेतला आणि आणखी चिमूटभर टाकलं. चव घेता येत नाही. महिनाभर या बायका जिभेवाचून स्वयंपाक करतात. भज्यांच्या पिठात ओवा किती, सरबतात साखर किती, कटात आंबट किती, सगळं हाताच्या आणि नाकाच्या अंदाजानं. मी मिठाची चव बघू का म्हणून विचारलं तर सून हसली. "बघा की मावशी, तुमचा कुठं रोजा आहे." मी बघितलं. मीठ बरोबर होतं. चाळीस वर्षं स्वयंपाक केला मी, पण वास घेऊन मीठ कळतं हे मला माहीत नव्हतं.

भिंतीवर खिळ्याला रमजानचं वेळापत्रक टांगलेलं. वर दुकानाची जाहिरात, खाली तारखा, सेहरीची शेवटची वेळ, इफ्तारची वेळ, मिनिटांसकट. मिरज साताऱ्याच्या पूर्वेला, म्हणून इथं सूर्य दोन-अडीच मिनिटं आधी मावळतो. साताऱ्याचं वेळापत्रक मिरजेत चालत नाही आणि मुंबईचं दोन्हीकडे चालत नाही. त्या दिवशीची वेळ सहा बेचाळीस होती. सहा पस्तीसला सगळे दस्तरखानाभोवती बसले. बोलणं थांबलं. ताटं भरलेली, सरबताच्या पेल्यांवर घाम धरलेला, सब्जाचं बी फुगून वर आलेलं, आणि सात-आठ वर्षांच्या नातीपासून अम्मींपर्यंत सगळे हात मांडीवर ठेवून स्वस्थ. माझ्या डोळ्यांपुढं तो प्रसंग अजून तसाच आहे. भुकेल्या माणसांनी अन्नासमोर शेवटची सात मिनिटं अशी शांत काढणं ही मोठी गोष्ट आहे. मग अजान झाली. खजूर, पाणी, आणि पहिल्या घोटानंतर सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालेला श्वास. रुमालातला खजूर मी तेव्हा खाल्ला.

मैत्रिणीचे यजमान, मी त्यांना भाईजान म्हणते, मस्कतमध्ये एसी दुरुस्तीची कामं करत होते. उमेदीची सगळी वर्षं तिथं गेली. मगरिबची नमाज पढून आल्यावर चहा घेताना त्यांना विचारलं, तिथला रमजान आणि इथला, काय फरक? थोडा वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तिथं रोजा सोपा जायचा वहिनी. काम कमी, हॉटेलं बंद, सगळा मुलूख रोज्याचा. इथं डबल ड्यूटी असली तर डबल ड्यूटी करायची. समोर माणूस चहा पितोय, आपण मशीन उघडून बसायचं. पण खरं सांगू, तिथं रोजा सरकार धरायला लावतं असं वाटायचं. इथं आपला आपण धरतो. आणि शेजारची माणसं हात देतात."

शेजारची माणसं हात देतात म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी सांगलीच्या मार्केट यार्डात दिसलं. माझा भाऊ हळदीच्या पेढीवर आहे. मार्च म्हणजे नव्या हळदीची आवक. राजापुरी हळदीची पोती, आणि हवेत असा पिवळा धुरळा की दहा मिनिटांत घसा खवखवायला लागतो. तिथं रोजा ठेवून पोती उचलणारे हमाल होते. पाणी प्यायचं नाही आणि नाकातोंडात हळद. त्यांच्या टोळीनं आपसांत ठरवून टाकलं होतं: रोजेवाल्यांनी सकाळी गाडी भरायची, ऊन चढलं की त्यांनी सावलीत पोती शिवायची, आणि बाकीच्यांनी दुपारची उचल अंगावर घ्यायची. आषाढात टोळीतले चौघे पंढरीला गेले की त्यांच्या वाटची उचल रोजेवाले करतात. कुठलं परिपत्रक नाही, कुणाची सही नाही. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "आमच्या वडलांच्या वेळेपासनं असंच आहे." आखाती देशांत जे कायद्यानं होतं, त्यातलं थोडंसं इथं माणसं एकमेकांसाठी स्वतःच करतात. थोडंसंच, आणि सगळीकडे नाही. पण मला ते फार मोलाचं वाटतं, कारण ते दर वर्षी नव्यानं करावं लागतं.

त्याच दिवशी दुपारी मिरजेला परत येऊन सतारमेकर गल्लीत गेले. मिरजेची सतार सुरू झाली ती शिकलगारांच्या हातून. पटवर्धनांच्या संस्थानात हत्यारांना धार लावणारी, ती घडवणारी ही मंडळी. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी ते कसब वाद्यांकडे वळवलं. आज त्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेकाठच्या रानांतून. दुकानात ते छताला टांगलेले होते, वाळून हलके झालेले, टिचकी मारली की घुमणारे.

आत एक साठीचे कारागीर जवारी लावत होते. जवारी म्हणजे सतारीच्या घोडीचा वरचा भाग असा काही घासायचा की तार तिच्यावर नुसती टेकेल, आणि छेडली की सूर सरळ न संपता उमलत जाईल. त्यांनी घोडीवरून कानस एकदा फिरवली. फुंकर मारली. घोडी तारेखाली सरकवली, तार छेडली, डोळे मिटून ऐकली. पुन्हा काढली, पुन्हा कानस, या वेळी नुसती टेकवून ओढल्यासारखी. नखाच्या टोकावर मावेल इतकी पांढरी भुकटी पडत होती. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मला आधीच्या आणि नंतरच्या सुरात फरक कळेनासा झाला तरी ते मान हलवत होते, अजून नाही, अजून नाही. एकदा फुंकर मारायला तोंड उघडलं तेव्हा ओठ चिकटलेले दिसले. रोज्यात असं बारीक काम कसं जमतं, मी विचारलं. "हे काम मी रमजानसाठी राखून ठेवतो," ते म्हणाले. "पोट भरलेलं असलं की कान झोपतो. आत्ता बघा, तार काय म्हणते ते लगेच ऐकू येतंय." ते हे अगदी साधेपणानं बोलले आणि परत कानशीकडे वळले. बाहेरच्या ओट्यावर पॉलिशचं सामान झाकून ठेवलं होतं. चपड्याचा आणि स्पिरिटचा वास रिकाम्या पोटी सोसत नाही, म्हणून ते काम ईदनंतर.

गल्लीतून दर्गा जवळच. ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसाला इथं पाऊल ठेवायला जागा नसते. उरुसातला पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, हा मान पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. रमजानात मात्र आवारात निवांतपणा होता. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथंच. उत्तरेत कैराना गावात १८७२ मध्ये जन्मलेला हा गवई मिरजेचा झाला. त्यांची मुलगी हिराबाई बडोदेकर मिरजेतच १९०५ मध्ये जन्मली. १९३७ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यात, पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर खाँसाहेबांचा अंत झाला, आणि त्यांना इथं आणून दफन केलं. उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा होते, मोठमोठे कलाकार दर्ग्यात येऊन गातात, बिदागीची अपेक्षा न ठेवता. मी कबरीपाशी उभी होते तेव्हा एक म्हातारे गृहस्थ कुराणाचं पान हळू आवाजात वाचत होते. सुरात नव्हे, पण लयीत. मला तिथून निघवेना.

रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री घरातलं कुणी झोपलं नाही. पुरुष मशिदीत तरावीहच्या नमाजाला, बायका घरी माजघरात. अम्मी खुर्चीवर बसून पढत होत्या, गुडघे दुखतात म्हणून. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. मधूनच नात येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. पहाटे चारला दूध-फेणी, चपाती, खिमा. माझ्यासाठी बटाट्याची भाजी वेगळी. त्या पहाटे मी अम्मींना म्हटलं, आज मीही धरते. त्यांनी मला नीट निरखून बघितलं, औषधं कुठली चालू आहेत विचारलं, आणि मग नियत कशी करायची ते सांगितलं. म्हणाल्या, मनात धरलीस की झालं, शब्द कुठलेही चालतात.

एकादशी, चतुर्थी, हरतालिका, मी लहानपणापासून उपास करत आले. आपल्या उपासात काय खायचं हा प्रश्न असतो. इथं काहीच नाही हे एकदा ठरलं की दुपारपर्यंत भुकेचं काही वाटत नाही. तहान मात्र चारच्या सुमाराला समोर येऊन बसली. जीभ टाळ्याला लागायला लागली. बोलणं कमी झालं. नळाखाली हात धुताना पाणी मनगटावरून वाहिलं ते मी बघत राहिले. शुक्रवार होता, रमजानचा शेवटचा जुमा. रस्त्यावर गर्दी, रिक्षांचे भोंगे, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. त्या आवाजातून रोज ये-जा करून दिवस काढणारी माणसं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. कुणी हातगाडी ओढत होतं, कुणी दवाखान्यात ड्यूटीवर होतं. मिरज दवाखान्यांचं गाव, १८९४ मध्ये वॅनलेस डॉक्टरांनी इथं इस्पितळ सुरू केलं तेव्हापासूनचं. मैत्रिणीची धाकटी जाऊ नर्स आहे. तिनं नंतर सांगितलं, इफ्तारची वेळ झाली तेव्हा ती एका पेशंटला सलाइन लावत होती. सोबतच्या सिस्टरनं पाण्याचा ग्लास तिच्या तोंडाशी धरला.

पाडव्याला सकाळी सांगलीला भावाकडे गेले. गुढी, कडुनिंब, श्रीखंड. दुपारी शारजाहून लेकीचा फोन आला, तिथं त्या दिवशी ईद होती. इथं कोर दिसायची होती. चार वाजता मी परत मिरजेला निघाले तेव्हा वाटेत घरांवर गुढ्या होत्या, ऊन कलल्यावर साखरगाठी पितळेच्या तांब्यावर चमकत होत्या. ३० मार्चच्या त्या संध्याकाळी मिरजेत सगळ्या गच्च्यांवर माणसंच माणसं. सूर्यास्ताला शेजारच्या जोशी आळीत गुढ्या उतरवायचं चाललं होतं, आणि इकडे पोरं पश्चिमेला बोटं दाखवत होती. दिसला, दिसला! अम्मींना मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं बरं दिसतं, त्यांनाच आधी दिसला. त्यांनी हात वर केले. मी हात जोडले. मग सगळ्यांची बाजाराकडे धावपळ. बांगड्या, मेंदी, शिंप्याकडे राहिलेला एकाचा कुडता. आणि ईदच्या नमाजाआधी पोचवायचा फितरा: घरातल्या प्रत्येक माणसामागे, पाळण्यातल्या बाळामागेसुद्धा, गरिबाला द्यायचा वाटा. भाईजाननी तो हिशेब करून रात्रीच पाकिटं तयार केली.

ईदला शीरखुर्मा. त्यातली खारीक दुकानातली, बेदाणे मात्र तासगावचे, भावानं दिलेले, हिरवे लांबट. पातेल्यात दूध आटत होतं आणि मैत्रीण चारोळी निवडत होती. या वेळी सुनेनं पळीनं थेंब तळहातावर घेतला आणि चाखला. महिन्यानंतर पहिल्यांदा. "साखर कमी आहे," म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. नमाजहून पुरुष आले तशी माणसांची रीघ लागली. त्यात माझा भाऊ होता, टोळीतले हमाल होते, जवारीवाले कारागीरही येऊन गेले. सगळ्यांना वाट्या भरून द्यायचं काम दिवसभर मी केलं.

निघताना अम्मी हिशेब मांडत होत्या. पहिला रोजा त्यांनी आठव्या वर्षी धरला, तो असाच मार्चच्या उन्हातला. तेहेतीस वर्षांनी मार्च परत आला तेव्हा घरात दोन सुना यायच्या होत्या. आता पुन्हा मार्च. "पुढच्या साली फेब्रुवारीत लागेल रमजान. ऊन कमी असेल, ओला हरभरा असेल. तू पहिल्या रोज्यालाच ये," त्या म्हणाल्या. "आणि साताऱ्याचे कंदी पेढे आण दोन किलो. इफ्तारनंतर खायला. मागच्या वेळचे पोरांनी मला एक ठेवला नव्हता."